साळूताईचं लाल फूल

फार पूर्वी सागाच्या रानात साळूताई नावाची साळिंदरीण औषधाच्या पुड्या विकायची. तापाच्या पुडीवर ती नखाने तीन ओरखडे काढी, वाळवीच्या विषावर एकच.

"ताई, किती गावंढळ दिसतं हे!" सरडा म्हणाला. "दारावर आणि सगळ्या पुड्यांवर एकच लाल फूल काढू. लांबूनच तुझं दुकान ओळखतील."

साळूताईला पटलं. ओरखडे गेले, फुलं आली, गिऱ्हाईक वाढलं.

एका सकाळी सशीण रिकामी पुडी घेऊन आली. "काल दोन्ही नेल्या होत्या ना, तापाची नि वाळवीची? दोन्हींवर फूलच होतं, ताई. पिल्लाला ही दिली. ते उठलंच नाही."

साळूताईने पुडी हुंगली. वास वाळवीच्या विषाचा होता.

त्याच दिवशी तिने पुड्यांवर पुन्हा ओरखडे काढले. पण दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. दारावरचं लाल फूल सगळ्यांना लांबूनच ओळखू येत होतं.