न मम म्हणायचे कुणी?

एकदा एक वृद्ध वैद्यबुवा होते. दृष्टी मंदावलेली, पण नाडीवरची बोटे तल्लख. त्यांचा एक नियम होता, बरं का! शिष्याकडून भेट घ्यायची ती तुळशीपत्र ठेवून, पाणी सोडूनच. देणाऱ्याने ‘न मम’, म्हणजे हे आता माझे नाही, असे म्हणायचे. मगच वस्तू त्यांची.

शहरात दवाखाना काढलेला त्यांचा शिष्य वामन एक बोलका डबा घेऊन आला. वेळ विचारा, सांगतो. भजन मागा, इंटरनेटवरून लावतो. गुरुजींना दिसत नाही, याचा त्याला फार कळवळा. ‘न मम’ म्हणून त्याने पाणी सोडले आणि डबा तपासणीच्या खोलीत मांडला.

तेवढ्यात चंद्राक्का आल्या. घरातही न सांगितलेले दुखणे घेऊन, मोठा धीर करून आल्या होत्या बिचाऱ्या. रीतीप्रमाणे वामन ओसरीवर गेला. अक्कांनी हळू आवाजात सुरुवात केली मात्र, डबा म्हणाला, “नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा.”

अक्का दचकून उठल्या आणि तडक घरी गेल्या. वैद्यबुवांनी डबा उचलून वामनाच्या पिशवीत ठेवला.

वामनाचा चेहरा उतरला. “गुरुजी, मी मनापासून आणला होता.”

“तुझ्या मनाबद्दल शंका नाही रे. पण इथे बोललेलं हा कुठे पोचवतो?”

“ते... तो बनवणाऱ्या कंपनीलाच ठाऊक.”

“तू न मम म्हणालास. कंपनी म्हणाली का? वस्तू माझ्या घरात, आणि ताबा तिचा! ही कसली भेट? अक्का बोलतात तेव्हा तुलाही मी बाहेर बसवतो. मग हा कोण लागून गेला?”

वामन खजील झाला. त्याच पावली तो चंद्राक्कांकडे गेला. “अक्का, चूक माझी. तो डबा मी परत नेतोय. पण दुखणं अंगावर काढू नका.”

पुढच्या खेपेस त्याने साधे घड्याळ आणले. बटण दाबले की वेळ सांगते, बाकी कुणाशी जोडलेले नाही. बिघडले तर गावातला घड्याळजीही उघडून दुरुस्त करील. वैद्यबुवांनी ते हाताने चाचपले, हसले आणि तुळशीपत्र मागवले.

पाणी सोडून होते न होते, तोच दारात चंद्राक्का. “तो बोलका गेला ना नक्की?” त्यांनी विचारले.

“गेला,” म्हणत वामन उठला आणि जाताना दार ओढून घेतले. आत अक्का बराच वेळ बोलत होत्या. ओसरीवर त्याला एक अक्षर ऐकू आले नाही, आणि त्याला फार बरे वाटले.