न तापणारी जीप

"प्लग नवे. बॅटरी नवी. डिझेल फिल्टर नवा. तरी थंडीत गाडी उठत नाही. मग चूक कुणाची, उस्ताद?"

 यासीन मिस्त्री स्टोव्हला पंप मारत होते.

निफाडच्या बाजूला जानेवारीत दहा वाजले तरी ऊन अंगाला लागत नाही. मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडसमोर एक जुनी डिझेल जीप उभी होती. ती स्वतःच्या पायांनी आली नव्हती. ट्रॅक्टरनं टोचन करून आणून सोडली होती आणि ट्रॅक्टर निघून गेला होता.

वडिलांच्या त्या जीपशेजारी उभा होता निवृत्ती बोरस्ते. एके काळी याच शेडमध्ये पाने पुसणारा. आता हायवेवर त्याचं एका वेळी सहा गाड्या घेणारं गॅरेज आहे, आत काचेची केबिन आहे, आणि गाडीला वायर जोडली की रोग सांगणारं मशीन आहे.

पंचाईत एवढीच, की या जीपला ती वायर जोडायला जागाच नव्हती. ती बनली तेव्हा गाड्या असं काही सांगत नसत.

"वर्ष झालं आबांना जाऊन," निवृत्ती म्हणाला. "परवा वर्षश्राद्ध. पाव्हणेरावळे सगळे येतील. मला त्यांच्यासमोर सांगायचंय, गाडी कुणामुळे बंद पडली ते. तुम्ही सांगितलंत तर कुणी नाही म्हणणार नाही."

"कुणाचं नाव सांगायचंय?"

"वसंताचं."

धाकट्या भावाचं नाव त्यानं असं घेतलं, की ऐकणाऱ्याला तो कुणी परका वाटावा.

मिस्त्रींनी पाण्याचं पातेलं स्टोव्हवर ठेवलं.

"आबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा पहाटेचे सहा. ॲम्ब्युलन्सला यायला तास लागणार होता. मळ्यात ही एकच गाडी. आबांना मागं झोपवलं आणि हा आणि याची बायको धक्का मारत बसले. चाळीस मिनिटं! डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं." त्याचा आवाज फाटला. "मळ्यात राहतो कोण? हा. गाडी वापरतो कोण? हाच. आणि थंडीत उठत नाही, हे मला कुणी कळवलंसुद्धा नाही. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही, उस्ताद. बोलणारही नाही."

"हं."

"ही अक्कल बघा त्याची." निवृत्तीनं पुढच्या जाळीवर सुतळीनं बांधलेलं गोणपाट ओढून काढलं आणि जमिनीवर फेकलं. "रेडिएटरवर गोणपाट! हवाच कोंडून टाकली. याला गाडी सांभाळणं म्हणतात?"

मिस्त्रींनी गोणपाट उचललं. झटकलं. नीट चौघडी घातली आणि बाकावर ठेवलं.

मग ते जीपला एक फेरी मारून आले. त्यांना आता मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नाही, त्यामुळे फेरी हातानं होते. मागच्या फळीवर त्यांचा हात थांबला.

"इथला रंग कसा गेला?"

"गंजला असेल."

"गंज खरबरीत लागतो," मिस्त्री म्हणाले. "... चावी मार."

निवृत्तीनं स्टार्टर मारला. इंजिन भराभर फिरलं. फिरत राहिलं, पेटलं नाही. मागून पांढऱ्या धुराचा एक पुंजका निघाला, बस्स.

"फिरतंय बघा कसं!" निवृत्ती म्हणाला. "बॅटरीत काही खोट नाही. कुठं अडकत नाही की घुटमळत नाही."

"म्हणूनच वाईट वाटतं."

"म्हणजे?"

"इंजिनानं थोडं अडायला पाहिजे रे. प्रत्येक पिस्टन वर जाताना जोर लागला पाहिजे. हे रिकाम्या रहाटासारखं फिरतंय. आत दम उरला नाही."

निवृत्तीनं पुन्हा चावी मारली. कान त्यालाही होते, पण गेल्या काही वर्षांत त्यांना काम नव्हतं.

"तापमानाचा काटा किती चढायचा?" मिस्त्रींनी विचारलं.

"चढायचाच नाही!" निवृत्तीच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं तेज आलं. "तेवढं मात्र आहे. बारा वर्षांत ही गाडी एकदाही तापली नाही. आबा सगळ्यांना सांगायचे."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"तोच रोग," मिस्त्री म्हणाले. "वरच्या पाइपाचं तोंड खोल."

दोन बोल्ट. निवृत्तीला ते डोळे मिटून सापडले असते. त्यानं पाना लावला, पहिला बोल्ट सुटला, आणि दुसऱ्यावर त्याचा हात रेंगाळला.

"खोल."

झाकण निघालं. थोडं गंजकट पाणी सांडलं. आत थर्मोस्टॅट असायला हवा होता. पाणी तापेपर्यंत त्याची वाट अडवून धरणारी ती पितळी चकती. तिथं नुसतं भोक होतं.

"कुणी काढला?" मिस्त्रींनी विचारलं.

...

निवृत्ती भोकाकडे बघत राहिला.

खरं तर हा प्रश्न विचारण्यासारखा नव्हताच. आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही निम्म्या मिस्त्रींची कारागिरी. काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि गाडी का तापत होती ते कुणी विचारत नाही. बारा वर्षांपूर्वीच्या एप्रिलात आबांची जीप चांदवडच्या घाटात उकळली आणि या शेडमध्ये आली. उस्ताद सामान आणायला नाशिकला गेले होते. चार वर्षं पाने पुसलेल्या निवृत्तीनं अर्ध्या तासात तिचा ताप उतरवला. आबांनी भर दुपारी रस्त्यावरच्या माणसांना हाका मारून मारून सांगितलं, माझ्या पोरानं केली.

"रेडिएटरमध्ये गाळ होता," मिस्त्री म्हणाले. "तुझे आबा पाटाचं पाणी भरायचे. तो धुवायचा होता. एक दिवसाचं काम."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"संध्याकाळी आलो तेव्हा भंगाराच्या डब्यात दिसला ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझे आबा इथं, या बाकावर बसले होते. तुझ्या पाठीवर हात होता त्यांचा. बापासमोर पोराला कसं तोडायचं? म्हटलं, उद्या सांगू." मिस्त्रींनी बाकावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी तू पेढे घेऊन आलास. स्वतःचं गॅरेज टाकतो म्हणालास."

निवृत्तीला पेढे आठवले. उस्तादांनी अर्धाच खाल्ला होता. त्याला वाटलं होतं, म्हातारा जळतो.

"थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही," मिस्त्री खालच्या आवाजात सांगत होते, जणू चार वर्षांच्या शिकवणीतला राहिलेला धडा. "न जळलेलं आत ओघळतं, ऑइल धुऊन नेतं. पिस्टनच्या रिंगा झिजतात, दम जातो. एका दिवसात नाही... उन्हाळ्यात तर कळतसुद्धा नाही. काही वर्षांनी थंडीत कळायला लागतं."

"पण मला कुणीतरी सांगायचं होतं! आबांनी तरी."

"दोन हिवाळ्यांपूर्वी ते इथं आले होते. वसंताच घेऊन आला होता. मी म्हटलं, खोलतो. तुझे आबा म्हणाले, नको. निवृत्तीचा हात लागलेली गाडी आहे, दुसऱ्या कुणाचा लावायचा नाही. त्याला सवड झाली की तोच बघेल."

निवृत्तीनं दोन्ही हात मडगार्डवर टेकले.

सवड! गॅरेजच्या उद्घाटनाला आबा याच जीपमधून आले होते आणि त्यानंच त्यांना ती मागच्या बाजूला लावायला सांगितली होती. नव्या गाड्यांच्या रांगेत बरी दिसत नव्हती.

"मी तेव्हाही बोललो नाही," मिस्त्री म्हणाले. "म्हाताऱ्याचा अभिमान मोडवला नाही मला. दोनदा गप्प बसलो. पाव्हण्यांसमोर नाव सांगायचं असेल तर माझंही सांग."

स्टोव्हवरच्या पातेल्यात पाणी कढत होतं. मिस्त्रींनी फळीवरून बिस्किटांचा एक जुना डबा काढला, चाचपडत आतली चिंधी सोडली आणि पितळेची एक चकती निवृत्तीच्या हातावर ठेवली.

"तोच आहे?"

"तोच. तू गेलास त्या दिवशी डब्यातून काढून ठेवला. वाटलं होतं, कधीतरी विचारायला येशील."

"खराब असेल आता."

"टाक पाण्यात."

निवृत्तीनं चकती पातेल्यात सोडली. ती तळाशी जाऊन बसली. दोघं वाकून बघत राहिले, म्हणजे एक बघत होता आणि दुसरा वाफ तोंडावर घेत होता.

काही झालं नाही.

"अडकलाय..."

"थांब जरा."

मग चकतीचं मधलं झाकण हललं. केसाएवढी फट पडली. हळूहळू बोटाएवढी झाली.

"उघडला," निवृत्ती म्हणाला.

त्यानं आजवर शेकडो थर्मोस्टॅट बदलले होते, पण उघडताना एकही पाहिला नव्हता.

"म्हणजे हा चांगला होता, उस्ताद."

"चांगलाच होता."

 निवृत्तीनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. बाहीला ग्रीस होतं, ते गालावर आलं.

मग त्यानं विचारलं, "हा बसवला तर सकाळी उठेल?"

"नाही. झिजलं ते झिजलं. इंजिन उतरवावं लागेल. आधी रेडिएटर धुवायचा, मग बाकीचं. तुझ्याकडेच ने. पण तूच कर, पोरांकडे देऊ नकोस."

निवृत्तीनं मान हलवली. थर्मोस्टॅट जागेवर बसवला, दोन बोल्ट आवळले, सांडलं तेवढं पाणी भरलं. मग त्याची नजर बाकाकडे गेली.

"उस्ताद... ते गोणपाट."

"हं?"

"वसंतानं कशाला बांधलं असेल?"

"गार वारा आत जाऊ नये म्हणून. इंजिन थोडं तरी तापावं म्हणून. रोग ओळखला होता त्यानं. नाव तेवढं माहीत नव्हतं."

निवृत्तीनं चौघडी उलगडली. गोणपाट पुन्हा जाळीवर लावलं. सुतळीच्या गाठी वसंतानं जिथं मारल्या होत्या तिथंच मारल्या.

"ट्रॅक्टरला फोन करतो," तो म्हणाला. "टोचन करून नेतो गॅरेजला."

"आधी हातानं लोटून बघ. पुढं उतार आहे, पेटली तर पेटली."

निवृत्ती मागं गेला. गिअर न्यूट्रल होता. त्यानं मागच्या फळीला दोन्ही तळवे लावले आणि थबकला.

रंग गेला होता तो बरोबर इथं. दोन जागी, खांद्याएवढ्या अंतरावर, पत्रा पार उघडा पडलेला आणि गुळगुळीत झालेला. त्याचे तळवे त्या दोन जागांवर नेमके बसले.

त्यानं जोर लावला. जीप वीतभर हलली आणि मागं आली. पुन्हा लावला. पुन्हा मागं आली.

"एकट्याचं काम नाही ते," मिस्त्री बाकावरून म्हणाले.

निवृत्ती तसाच उभा राहिला, हात न काढता. पत्रा बर्फासारखा गार होता. बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही. लावायला मात्र अंगठा धजेना.

"वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही... बोलावलं तर येईल का हो तो, धक्का मारायला?"

मिस्त्रींनी स्टोव्ह विझवला.

"कितीतरी हिवाळे रोज सकाळी न बोलावता येत होता."