झुंबरशेठचं बोट

आमच्या बायकांच्या गटाचं लोणचं झुंबरशेठच्या दुकानात विकायला असतं. गावात दुसरं दुकान नाही, म्हणून त्याची बोलणी खाऊन खाऊन आम्ही थकलो. तालुक्याला जाऊन शिकून आलो, की बरणी उकळून वाळवायची, लोणच्याला ओला हात लावायचा नाही. शेठ हसला, “लोणचं घालायला बायकांना शाळा लागते होय?”

पुढच्याच बाजारी त्याने भर दुकानात आमची बरणी उघडून दाखवली. वर पांढरी बुरशी.

“हे बघा यांचं शिक्षण! उचला माल, पुन्हा आणू नका.”

बायका रडकुंडीला आल्या. आमच्या अनुसयाला भांडायचंही त्राण नव्हतं.

ती म्हणाली, “शेठ, एकाच दिवशी घातलेल्या दोन बरण्या ठेवते. एकीतली चव गिऱ्हाइकांना तुम्ही द्या, दुसरीतली मी कोरड्या चमच्यानं देते. उभं राहून दमलेय, आठवडाभर इथंच बसते. दोन्ही नासल्या तर धंदा बंद करू.”

शेठ खुशीत हो म्हणाला. मग आठवडाभर त्याचं नेहमीचंच चाललं. बशीतला चहा प्यायचा, बोट चाटायचं, तेच बरणीत घालून गिऱ्हाइकाच्या तळहातावर चव द्यायची.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोन्ही बरण्या सगळ्यांसमोर आणल्या. शेठच्या बरणीत बुरशी, अनुसयाची निर्मळ.

“असं कसं?” शेठने विचारलं.

अनुसया म्हणाली, “कैरी तीच, तेल तेच, फळीही तुमचीच. जास्तीचं एवढं तुमचं बोट.”

दुकान हसलं. शेठ भडकला, “मग काय बोट कापून देऊ?”

“नको, शेठ. खिशात ठेवा.”

आता बरणीजवळ चमचा असतो. शेठने तो साखळीने बांधलाय.