टाकलेल्या माळावरची रास

पूर्वी वेत्रवती नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरातल्या एका गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मला होता. नाव त्याचं खेमक.

त्या गावाची रीतच अशी, की रान तोडायचं, जाळायचं आणि राखेत नाचणी पेरायची. पहिल्या साली कणग्या भरत, दुसऱ्या साली निम्म्या, तिसऱ्या साली नुसतं गवत. मग तो माळ टाकून पुढच्या रानाला कुऱ्हाड. लोक म्हणत, जमीन म्हातारी झाली. असे सात माळ उघडे पडले. उरलं एकच जुनं रान, गावच्या ओढ्याचं उगमस्थान.

गावप्रमुख कालक तेही तोडायची परवानगी मागायला राजाकडे गेला. ते रान वाचवायला खेमकही मागोमाग गेला.

"महाराज, रानाची एक कड कालकांना द्या, टाकलेल्यांतला एक माळ मला द्या. तिसऱ्या सुगीला ज्याची रास मोठी, त्याचं ऐका."

कालक हसला. "आणि हरलास तर रानावर पहिला घाव तुझ्या हातचा."

"माझ्या हातचा," खेमक म्हणाला. राजाने पैज मान्य केली.

कालकाने ती कड तोडून जाळली. दुसऱ्या दिवसापासून खेमक आपल्या माळाच्या उतारावर आडवे दगड रचून बांध घालू लागला. रानातला पडलेला पाला वाहून आणी, तळ्यातला गाळ पसरी.

पहिल्या सुगीला कालकाची रास माणसाएवढी, खेमकाची सुपाएवढी. बायको उप्पला म्हणाली, "अहो, एवढी तर चिमण्यांनीच खाल्ली असती. लाजेनं आल्या नाहीत बिचाऱ्या."

"पुढच्या साली येतील," खेमक म्हणाला आणि पाटी उचलून चालू लागला. उप्पलानंही दुसरी पाटी उचलली.

दुसऱ्या साली कालकाची रास निम्मी झाली, खेमकाची गुडघ्याएवढी. तिसऱ्या साली पाऊस कोसळला. कालकाच्या उघड्या उतारावरची माती एका दिवसात ओढ्यात गेली. खेमकाच्या बांधांनी कणही सोडला नाही. सुगीला राजा स्वतः खळ्यावर आला, तर खेमकाची रास राजाच्या डोक्याहून उंच होती. कालकाकडे मोजण्याजोगं काही नव्हतं.

कालक पागोटं काढून म्हणाला, "खेमका, दगड कसे लावतात ते मला दाखव."

राजाने जुन्या रानाला कायमचं अभय दिलं. त्याच दिवशी ढोल वाजवीत सारं गाव उरलेल्या सहा माळांवर चढलं, आणि पहिला दगड कालकानेच उचलला.

कथा सांगून भगवान भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आताचा आनंद. कालक म्हणजे अंगुलिमाल. उप्पला म्हणजे राहुलमाता. आणि खेमक मीच होतो." खेमकाने तेव्हा जो गुण पाळला, त्याला वीर्यपारमिता म्हणतात, म्हणजे न थकता केलेला उद्योग.