दुपारची पाहणी

आमच्या नगरपालिकेचं पाळणाघर बंद करायचं घाटत होतं. कायद्याने आधी सुनावणी घ्यावी लागते, म्हणून मुख्याधिकारी बाईंनी आम्हा आयांना रविवारी सभागृहात बोलावलं. पाळणाघर गेलं असतं तर माझी शाळेतली नोकरीही गेली असती.

पालिकेने पाहणीसाठी नेमलेले अर्थतज्ज्ञ डॉक्टर हर्डीकर ऐटीत उभे राहिले. "आमची माणसं भर दुपारी दारोदार फिरली. घरी भेटलेली जवळजवळ प्रत्येक आई म्हणाली, पाळणाघराची गरज नाही. भावना काहीही असोत, आकडे स्पष्ट आहेत!"

शेजारच्या मेहरूनने मला कोपराने ढोसलं. "बोल ना गं, एवढी शिकलीयेस!"

मी उठले आणि घोकून आणलेलं भाषण तिथल्या तिथे विसरले. त्यात कडेवरच्या पोराने चष्मा ओढला. तोंडून भलतंच निघालं, "सर, तुमच्याच पद्धतीने एक पाहणी करू का? आज जे इथे आलेले नाहीत, त्यांनी कृपया हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"बघा, म्हणजे अख्खं गाव हजर आहे," मी म्हटलं. "ज्यांना पाळणाघर लागतं, त्या आया दुपारी कामावर असतात, सर. तुमची माणसं आमच्या दारांची कुलपं बघून गेली."

सभागृह खो खो हसलं. मुख्याधिकारी बाईही हसू आवरत म्हणाल्या, "नवी पाहणी संध्याकाळी होईल. तोवर पाळणाघर चालू."

डॉक्टरही खिलाडू निघाले. "मग मीच येतो. चहा मिळेल ना?"

"मिळेल की," मी म्हटलं. "पण तो होईपर्यंत पोराला तुम्ही धरायचं."