चौकातलं पुरीएवढं फूल

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं आणि रानातला मध विकून ते जगायचं. यंदा मध किती निघाला हे राजाला कळावं, म्हणून दरबाराच्या चौकात रांगोळीचं फूल काढायची रीत होती. पण चौक रिकामा दिसणं अशुभ. त्यामुळे मध कितीही निघो, फूल चारी भिंतींना टेकलंच पाहिजे. राजा बघायचा आणि खूश व्हायचा.

एका वर्षी परदेशी व्यापारी आले. रानातली उरलीसुरली सगळी मधाची पोळी त्यांना हवी होती. राजा दुसऱ्या दिवशी होकार देणार होता.

कारभाऱ्याची मुलगी दूरदेशी शिकून नुकतीच परतली होती. ती रान हिंडून आली आणि हादरली. मधमाश्या संपत चालल्या होत्या. आता उरलेली पोळी गेली, तर पुढे राज्य जगणार कशावर? ती तडक दरबारात गेली आणि एकेका डोंगराचा हिशेब घडाघडा सांगू लागली. राजाला डुलकी लागली.

"शिकलीस खूप, पण थांबावं कधी ते नाही शिकलीस," प्रधान हसला. "उद्याची रांगोळी तूच काढ. तोंडाला तेवढाच आराम."

परतताना ती चौकात थबकली. राजा आपलं राज्य कानांनी नाही, या चौकातून बघतो, हे तिच्या लक्षात आलं.

सकाळी राजा येऊन चौकासमोरच्या सिंहासनावर बसला. चौकात एका बाजूला मोठं फूल होतं, त्याच्या आजोबांच्या काळच्या मधाचं. शेजारी त्याच मापानं वडिलांच्या काळचं, निम्मं. मग यंदाचं, पुरीएवढं. प्रत्येकाखाली काळ लिहिलेला. बाकी चौक मोकळा.

"पुसा ते," प्रधान गरजला. "भरल्या राज्यात अपशकुन."

झाडूवाले पुढे सरले. ती फुलापुढे पाय रोवून उभी राहिली.

"आधी मला उचला, मग पुसा. चौक भरायला सांगू नका, प्रधानजी. रान भरा, चौक मी भरते."

राजा सिंहासनावरून उतरला. त्यानं यंदाच्या फुलावर हात धरला. ते तळव्याखाली झाकलं गेलं.

"एवढंच?"

"एवढंच, महाराज. काल हेच सांगत होते."

व्यापारी रिकाम्या हातानं परतले. पोळी काढायला बंदी झाली. लोकांनी कंदमुळांवर दिवस काढले, तिच्या नावानं बोटंही मोडली. पुढच्या वर्षी फूल ताटाएवढं झालं. चौक तरीही बराचसा रिकामाच होता, पण अशुभ म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

तात्पर्य: निर्णय घेणाऱ्याला दिसेल असंच दाखवावं, पण त्याला आवडावं म्हणून माप बदलू नये.