मिरीचा रेशमी रुमाल

एक उंदरी होती. एवढीश्शी! मिरीच्या दाण्याएवढी. म्हणून तिचं नाव मिरी.

मिरीच्या डोक्यावर केस होते. काळे काळे. कुरळे कुरळे. गोल गोल गोल!

मिरी चालली की केस डुलायचे. डुलुक डुलुक! डुलुक डुलुक!

पण रात्री काय व्हायचं? मिरी झोपायची गवतात. केस घासायचे गवताला. खसर खसर! सकाळी व्हायचा गुंता. हा एवढा मोठ्ठा! आई कंगवा फिरवायची. आणि मिरी ओरडायची, "आई गं! आई गं! आई गं!"

म्हणून आईने शिवला एक रुमाल. लाल लाल. रेशमी. मऊ मऊ. मिरी रोज रात्री रुमाल बांधायची. केस आत, गाठ वर. मग सकाळी गुंता नाही. 'आई गं' नाही.

एके दिवशी आईने रुमाल धुतला. काडीवर वाळत घातला. तेवढ्यात वारा आला. भिर्रर्र! रुमाल उडाला. वर, वर, आणखी वर! जाऊन बसला बोरीच्या झाडावर.

"आई, माझा रुमाल!" मिरी ओरडली. "उद्या मावशीचं लग्न! मी करवली! आणि माझ्या केसांचा गुंता?"

आईचे हात पिठाने भरले होते. ती लग्नाचे लाडू वळत होती. आई म्हणाली, "पळ बाळा, पळ! दिवस मावळायच्या आत घेऊन ये."

मिरी निघाली. तुरुतुरु! तुरुतुरु!

आली बोरीपाशी. खोडावर चढली. टुच्! काटा टोचला. टुच्! दुसरा टोचला. मिरी खाली उतरली आणि म्हणाली,

"बोरीबाई, बोरीबाई, रुमाल दे.
रुमाल मला!
नाही गुंता, नाही 'आई गं'!"

बोर म्हणाली, "कशी देऊ? फांदी वाकत नाही. मी तहानलेय. पाणी आण, मग देते."

मिरी निघाली. तुरुतुरु! तुरुतुरु!

आली विहिरीपाशी. वाकून म्हणाली,

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे.
पाणी बोरीला,
रुमाल मला!
नाही गुंता, नाही 'आई गं'!"

विहीर आतून बोलली. घुम् घुम् घुम्! "कशी देऊ? पाणी आहे पोटात. पोहरा आहे काठावर. पण पोहऱ्याचा दोर तुटलाय. दोर आण, मग देते."

मिरी निघाली. तुरुतुरु! तुरुतुरु!

गेनू आजोबा अंगणात बसले होते. आजोबा दोर वळायचे. पण आज? आज हात मांडीवर. डोळे मिटलेले. घुर्रर्र! घुर्रर्र!

मिरी आजोबांच्या गुडघ्यावर चढली. कानाकडे तोंड करून म्हणाली,

"आजोबा, आजोबा, दोर द्या.
दोर विहिरीला,
पाणी बोरीला,
रुमाल मला!
नाही गुंता, नाही 'आई गं'!"

आजोबांनी एक डोळा उघडला. "कसा देऊ, पोरी? दोर वळायचाय. पण चहा प्यायल्याशिवाय माझे हात चालत नाहीत. चहा आण, मग देतो."

मिरी निघाली. तुरुतुरु! तुरुतुरु!

आली हौसाकाकूंच्या दारात. चूल पेटलेली. पाणी उकळतंय. खदखद! खदखद! मिरी उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली,

"काकू, काकू, चहा द्या.
चहा आजोबांना,
दोर विहिरीला,
पाणी बोरीला,
रुमाल मला!
नाही गुंता, नाही 'आई गं'!"

"अगं बाई, कसा देऊ?" काकू म्हणाल्या. "घरात दुधाचा थेंब नाही."

"बिनदुधाचा द्या!" मिरी म्हणाली.

"बिनदुधाचा? गेनू आजोबांना? ते कप परत धाडतात गं! माझी म्हैस आज रुसलीय. धार काढू देत नाही. लाथा झाडते. तिला समजाव. तिने दूध दिलं, मग चहा देते."

मिरीने वर बघितलं. ऊन पिवळं झालं होतं.

"अरे बाप रे!" मिरी म्हणाली आणि निघाली. तुरुतुरु! तुरुतुरु!

आली गोठ्यात. म्हैस उभी होती. शेपूट इकडे, शेपूट तिकडे. फटाक! फटाक! मिरी लांबूनच म्हणाली,

"म्हशीबाई, म्हशीबाई, दूध दे.
दूध काकूंना,
चहा आजोबांना,
दोर विहिरीला,
पाणी बोरीला,
रुमाल मला!
नाही गुंता, नाही 'आई गं'!"

"हूंऽऽ! कशी देऊ?" म्हैस म्हणाली. "पाठीवर गोचीड बसलेत. चावतात! कचाकचा चावतात! शेपूट तिथवर पोचत नाही. बगळ्याला आण. त्याने गोचीड टिपले, मग देते."

बगळ्याला? मिरी दोन पावलं मागे सरली. बगळा तर उंदीर खातो!

पण ऊन आता केशरी झालं होतं.

मिरी निघाली. तुरु... तुरु... तुरु...

तळ्याच्या काठी बगळा उभा होता. पांढराशुभ्र. एका पायावर. ही लांब चोच! मिरी दगडामागे लपली. नुसते केस दिसत होते. डुलुक डुलुक! आणि दगडामागूनच ती ओरडली,

"बगळोबा, बगळोबा, चला ना!
गोचीड तुम्हाला,
दूध काकूंना,
चहा आजोबांना,
दोर विहिरीला,
पाणी बोरीला,
रुमाल मला!
नाही गुंता, नाही 'आई गं'!"

बगळ्याने मान वळवली. "कोण आहे तिकडे? मला भूक लागलीय. तूच ये की इकडे!"

एक पाऊल टाकलं. टप्!

दुसरं पाऊल टाकलं. टप्!

मिरी दगडाला चिकटली. पण पळाली नाही. ती म्हणाली, "मला खाऊन काय होणार, बगळोबा? मी तर मिरीएवढी! अर्धा घाससुद्धा नाही. आणि म्हशीच्या पाठीवर गोचीड आहेत. गोल गोल! लठ्ठ लठ्ठ! शंभर!"

"किती?"

"शंभर!"

"लठ्ठ लठ्ठ?"

"लठ्ठ लठ्ठ!"

बगळ्याची चोच उघडीच राहिली. "मग आधी नाही का सांगायचं? चल, चल, चल!"

फडफड! फडफड! बगळा उडाला वरून. मिरी धावली खालून. तुरुतुरुतुरुतुरु!

बगळा बसला म्हशीच्या पाठीवर. टिप् टिप् टिप्! एक गोचीड, दोन गोचीड, दहा गोचीड!

"आहाहा!" म्हैस म्हणाली. शेपूट थांबलं. लाथ थांबली. "ये गं हौसा, काढ धार!"

काकू आल्या. धार काढली. चुर्र चुर्र! चुर्र चुर्र! दूध आलं.

दूध चहात पडलं. खदखद! खदखद! चहा झाला.

चहा आजोबांनी बशीत ओतला. फुर्रर्र! फुर्रर्र! आजोबांचे दोन्ही डोळे उघडले. आजोबांचे दोन्ही हात चालू लागले. सर सर सर! दोर झाला.

दोर पोहऱ्याला बांधला. पोहरा विहिरीत सोडला. धुडुम्! आजोबांनी दोर ओढला. पाणी आलं.

"पळा, आजोबा, पळा!" मिरी ओरडली. "सूर्य बघा! टेकला डोंगराला!"

पुढे मिरी. तुरुतुरु! मागे आजोबा. लगालगा! पोहरा हिंदकळतोय. छपाक! छपाक!

आजोबांनी पाणी बोरीच्या मुळाशी ओतलं. गट गट गट! बोर प्यायली. आणखी प्यायली. तहान भागेपर्यंत प्यायली. मग फांदी हलली. फांदी वाकली. खाली, खाली, आणखी खाली! रुमाल सुटला. तरंगत आला. आला, आला, आला आणि...

धप्प!

अरे, मिरी कुठे गेली? आजोबांनी इकडे बघितलं. आजोबांनी तिकडे बघितलं. "मिरी! ए मिरी!"

"मी इथे!" रुमालाखालून आवाज आला. रुमालाचं एक टोक हललं. आधी बाहेर आलं नाक. मग बाहेर आले केस. मग सगळी मिरी बाहेर आली. हसत हसत! खी खी खी!

"माझा रुमाल! माझा रुमाल! मला मिळाला!" मिरी नाचली. टुणुक टुणुक! आजोबांनीही दोन टाळ्या वाजवल्या.

मिरी घरी पळाली. तोंडात रुमाल. लाल लाल, मऊ मऊ. दारात पाय ठेवला आणि सूर्य मावळला. बुडुक!

"आणलास?" आई म्हणाली.

"आणला! आई, मी बगळ्याशी बोलले!"

"बगळ्याशी?" आईचा लाडू हातातच राहिला. तिने मिरीला घट्ट जवळ घेतलं. शेपटीपासून कानापर्यंत बघितलं. सगळी मिरी जागेवर होती.

मग आईने हात धुतले. रुमालाची त्रिकोणी घडी केली. केस वर गोळा केले. एक बट आत. दुसरी बट आत. कानामागची चुकार बट, तीही आत! आणि कपाळावर मारली गाठ. घट्ट नाही, सैल नाही. बरोब्बर!

मिरी गवतात झोपली. या कुशीवर झोपली. त्या कुशीवर झोपली. केस घासले का? नाही! खसर खसर झालं का? नाही!

सकाळ झाली. लग्नघरी सनई वाजू लागली. पीं पीं पीं! आईने गाठ सोडली. कंगवा हातात घेतला. मिरीने डोळे गच्च मिटले. दात गच्च आवळले.

सुर्रर्र!

"झालं," आई म्हणाली.

"झालं?" मिरीने डोळे उघडले. "दुखलंच नाही!"

आणि ती पळत सुटली मांडवाकडे. मावशीच्या मागे उभी राहिली, कलश घेऊन. केस काळे काळे, कुरळे कुरळे, गोल गोल गोल! मावशीने मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई! केवढी छान आहे माझी करवली!"

मिरी हसली. आणि केस डुलले. डुलुक डुलुक! डुलुक डुलुक!

गोष्टीला बसली गाठ,
गादीला टेकवा पाठ!